रविवारी सकाळी मीटर: सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून घरोघरची वीज कशी वाचवावी

‘वीज वाचवा, देश वाचवा’ असा फॉरवर्ड ग्रुपवर आला की चारपाच जण हात जोडतात आणि पंखा चालूच राहतो. संदेशात चूक काही नसते, पण कोणता पंखा, किती तास, किती युनिट यांतलं काहीच त्यात नसतं. शेजारच्या घरात काय चाललंय हेही नसतं, आणि खरा परिणाम तर त्याचाच होतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. वीज कशासाठी वाचवता असं विचारल्यावर लोकांनी पर्यावरण आणि पैसा ही कारणं पुढे केली, शेजाऱ्यांचं कारण सगळ्यांत मागे पडलं. दारावर अडकवलेल्या चिठ्ठ्यांपैकी मात्र ‘तुमचे बहुतेक शेजारी वीज वाचवतात’ हे सांगणारी चिठ्ठीच सर्वांत जास्त उपयोगी पडली.

फेसबुक, ग्राहकांना वीजवापराचे तुलना अहवाल पाठवणारी ओपॉवर कंपनी आणि एनआरडीसी ही पर्यावरण संस्था यांनी २०१२ साली अमेरिकेत मित्रामित्रांच्या वीजवापराची तुलना करणारं ॲप आणलं होतं. पण फेसबुकवरचा मित्र दुसऱ्या गावात, दुसऱ्या हवेत राहतो. तुमच्या इमारतीतल्या घरांच्या भिंती सारख्या, ऊन सारखं, भारनियमन असेल तर तेही सारखं. म्हणून या कामाला सोसायटीचा ग्रुप सर्वांत योग्य.

ग्रुप कसा काढावा

सोसायटीच्या मुख्य ग्रुपवर हे सुरू करू नका. तिथे पार्किंग, टँकर आणि सुप्रभात यांत आकडे वाहून जातात. वेगळा ग्रुप काढा आणि आपणहून तयार असलेल्या १२ ते १५ घरांपासून सुरुवात करा. प्रत्येक घरातले दोन नंबर घ्या. बहुतेक ठिकाणी ग्रुपवर फक्त बिल भरणाऱ्याचा नंबर असतो, आणि गीझर, मिक्सर, टीव्ही, पंखा यांची बटणं दिवसभर दुसऱ्याच कुणाच्या हाताखाली असतात. त्या माणसापर्यंत गोष्ट पोचली नाही तर उपक्रम कागदावर राहतो. आजी-आजोबांसाठी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज लेखी मजकुरापेक्षा बरा.

मोजायचं काय

युनिट मोजा, रुपये नको. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क असतं. शिवाय मागची थकबाकी असली तर तीही. १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर दर बदलतो, त्यामुळे वापर थोडा वाढला तरी रक्कम उडी मारते. त्यातच रीडिंग कधी २८ दिवसांनी, कधी ३३ दिवसांनी होतं, आणि घर बंद असलं तर सरासरीने बिल येतं. अशा बिलांची एकमेकांशी तुलना करून भांडणाशिवाय काही निघत नाही.

त्यापेक्षा दर रविवारी सकाळी ९ वाजता मीटररूममध्ये जाऊन आकडा घ्यावा. डिस्प्लेवर तारीख, वेळ, व्होल्टेज असं एकेक फिरत राहतं. शेजारी ‘केडब्ल्यूएच’ (kWh, म्हणजेच युनिट) ही खूण दिसेल तोच आकडा टिपायचा. या रविवारचा आकडा वजा मागच्या रविवारचा, भागिले ७, म्हणजे रोजचे युनिट. एखादा रविवार हुकला तर अंदाज भरू नका. पुढच्या वेळी १४ ने भागा. मध्येच मीटर बदललं तर जुन्याचं शेवटचं रीडिंग लिहून ठेवा, नाहीतर त्या आठवड्याचा हिशेब जुळणार नाही. छतावर सोलर असलेल्या घराची नोंद वेगळी ठेवा.

पहिले चार आठवडे फक्त मोजा. सूचना नको, आवाहन नको. हा पाया नसेल तर पुढे कमी झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

गोपनीयतेचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नका. बिलाचा फोटो ग्रुपवर टाकू देऊ नका, कारण ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट (बिलावर छापलेला महावितरणच्या कार्यालयाचा क्रमांक) हाती आलं की कुणालाही त्या घराचं बिल ऑनलाइन बघता येतं. रोजचा वापर एकदम दीड युनिटवर आला तर घर बंद आहे हेही उघड होतं. म्हणून ग्रुपमधल्या एकाला समन्वयक नेमा, प्रत्येकाने आकडा फक्त त्या समन्वयकाला वैयक्तिक मेसेजने पाठवायचा आणि प्रत्येक घराला टोपणनाव द्यायचं: बुलबुल, साळुंकी, खंड्या. कोणतं नाव कोणत्या घराचं हे समन्वयकाशिवाय कुणाकडे नसावं. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं हे सगळ्यांना दिसतं, तेव्हा युनिट विचारायला पोल कधीच वापरू नका. तोच उघडेपणा पुढे एका ठिकाणी कामी येतो.

तुलना कशी मांडावी

बहुतेक उपक्रम इथेच बिघडतात. सॅन मार्कोसमधल्याच, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात घरांना त्यांचा वापर आणि परिसराची सरासरी कळवली गेली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण आधीच कमी वापरणाऱ्या घरांनी तो वाढवला! ‘आपण तर पुष्कळच मागे आहोत, मग जरा चालेल’ असं वाटणं स्वाभाविक आहे. आकड्याशेजारी फक्त एक हसरा चेहरा काढला तेव्हा ही वाढ थांबली. म्हणून कमी वापरणाऱ्या घराला नुसता आकडा कधीच पाठवू नका, शाबासकी त्याच ओळीत हवी.

सरासरीऐवजी मधला आकडा घ्या: सगळ्या घरांचे आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मध्ये येतो तो. तीन एसीचं एक घर सरासरी वर ओढून नेतं आणि बाकी सगळ्यांना उगाच समाधान देतं. माणशी युनिट काढायचा मोहही टाळा. फ्रिज एकट्याच्या घरातही चालतो आणि सहा जणांच्या घरातही, त्यामुळे एकटी राहणारी व्यक्ती माणशी हिशेबात कायम उधळी ठरते. एसी नसलेली आणि असलेली, एवढे दोन गट पुरतात. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी घरं असतील तर त्यांची तुलना त्यांच्याच मागच्या आकड्यांशी करा.

रविवारी रात्री ८ वाजता प्रत्येक घराला स्वतंत्र मेसेज जावा, चार ओळींच्या आत:

‘खंड्या: या आठवड्यात रोज ४.६ युनिट. तुमच्यासारख्या घरांचा मधला आकडा ५.३. छान चाललंय! मागच्या आठवड्यात तुम्ही ४.९ वर होता.’

जास्त वापरणाऱ्याला ‘तुम्ही जास्त वापरता’ असं न लिहिता ‘रोज ७.१ युनिट, मधला आकडा ५.३, कुठे जातंय ते शोधायला मदत हवी का?’ असं लिहा. त्या घरात तान्हं बाळ असेल, ऑक्सिजनचं यंत्र असेल, वरच्या मजल्यावर पश्चिमेचं ऊन असेल. ग्रुपवर क्रमवारी लावू नका. तिथे फक्त गटाचा मधला आकडा आणि सगळ्या घरांची मिळून बेरीज टाका.

दर बुधवारी एकच सूचना

सूचना त्याच दिवशी करता येईल अशी आणि आकड्यासह हवी. काही हिशेब तयार ठेवा.

पंखा: जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) ३० च्या आसपास. रोज १४ तास चालणारा एक पंखा बदलला तर दिवसाला ०.६३ युनिट वाचतं, म्हणजे महिन्याला जवळपास १९. घरातले सगळे पंखे बदलायचा सल्ला देऊ नका. सर्वांत जास्त फिरणारा तेवढा बदला. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो, तो काढून थेट जोडणी करायला इलेक्ट्रिशियनला सांगा.

गीझर: १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतो, आणि २००० वॅटच्या गीझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटं पुरतात. आंघोळी लागोपाठ आटोपल्या तर मधल्या वेळात थंड होणारं पाणी पुन्हा तापवावं लागत नाही.

एसी: ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ वर ठेवून पंखा लावावा. स्टार लेबलच्या एसींचं सुरुवातीचं तापमान १ जानेवारी २०२० पासून २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे, तेव्हा १८ वर तो आपण नेतो.

सेट-टॉप बॉक्स: रिमोटने बंद केला तरी साधारण १० वॅट घेत राहतो, रोजच्या १८ तासांचे महिन्याला ५ युनिट. भिंतीवरचं बटण बंद करा.

जास्त वापराच्या घराला मीटरचा लाल दिवा मोजायला शिकवा. मीटरवर ‘३२०० आयएमपी/केडब्ल्यूएच’ असा काहीतरी आकडा छापलेला असतो. म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. एका मिनिटातल्या लुकलुकी गुणिले ६०,०००, भागिले तो आकडा, म्हणजे त्या क्षणी घर किती वॅट घेतंय ते कळतं. मिनिटात ४० आल्या तर ७५० वॅट. एक जण मीटरपाशी, दुसरा घरात फोनवर, आणि एकेक बटण बंद करत जायचं. दहा मिनिटांत चोर सापडतो. हे शोधकाम लोकांना आवडतं आणि ते आपणहून दुसऱ्यांना सांगतात.

पोलची जागा इथे आहे. ‘या आठवड्यात रात्री सेट-टॉप बॉक्स भिंतीवरून बंद करणार: हो / आधीच करतो’ असा पोल टाका. सगळ्यांसमोर दिलेला शब्द माणूस सहसा पाळतो. ‘आधीच करतो’ हा पर्याय विसरू नका. शेजारी काय करतात ते त्यातूनच दिसतं.

ग्रुपवर काय येऊ द्यायचं नाही

‘रात्री फ्रिज बंद ठेवा’ हा सल्ला काढून टाका, अन्न खराब होईल. सॉकेटमध्ये लावायचा ‘वीज वाचवणारा’ डबा निरुपयोगी आहे: तो पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) सुधारतो असा दावा असतो, पण घरगुती मीटर युनिट मोजतं आणि त्यावर त्याचा परिणाम होत नाही. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज फसवणुकीचा आहे. तो दिसताच ॲडमिनने डिलीट करावा आणि कुणीही त्यातली लिंक किंवा ॲप उघडू नये.

उत्साह ओसरतो तेव्हा

पाचव्या-सहाव्या आठवड्यात आकडे पाठवणारे कमी होतात. त्या वेळी सोसायटीचं सामाईक मीटर पुढे आणा. पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे सगळ्यांचे असतात, त्यात कुणाचा अपमान होत नाही आणि टोपणनावंही लागत नाहीत. जिन्यात २० वॅटच्या २० ट्यूब १२ तास जळल्या तर रोज ४.८ युनिट, सेन्सर लावल्यावर काय झालं ते पुढच्याच रविवारी दिसतं. टाकी भरून वाहत असताना ३ एचपीचा पंप अर्धा तास चालू राहिला तर सव्वा ते दीड युनिट जातो, शिवाय पाणी.

निकाल सांगताना मेची तुलना जुलैशी करू नका, तो पावसाचा परिणाम असतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. अपेक्षाही नेमकी ठेवा. अमेरिकेत सुमारे ६ लाख घरांना ओपॉवरचे तुलना अहवाल गेले, त्यावरच्या २०११ च्या अभ्यासात सरासरी घट २ टक्क्यांच्या आसपास निघाली. २०० युनिटच्या घरात ते ४ युनिट होतात. नुसत्या मेसेजचा वाटा एवढाच. त्यापुढचं पंखा, गीझर आणि एसीतून येतं, आणि तो हिशेब घराघराशी स्वतंत्र बोलूनच मांडावा लागतो.

एकाच माणसावर वर्षभर हे लादू नका. दर तीन महिन्यांनी समन्वयक बदला. आकड्यांची शीट आणि टोपणनावांची यादी नव्या व्यक्तीकडे जाण्यापूर्वी घराघराची परवानगी घ्या, आणि कुणी नको म्हटलं तर त्या घराचे जुने आकडे काढून टाका.