जबड्यातली मोठी सिस्ट: खिडकी पाडल्यावर या चुका टाळा

खालच्या जबड्यातली सिस्ट, म्हणजे द्रवानं भरलेली पिशवी, दाढेपासून कानाखालच्या कोपऱ्यापर्यंत पसरली, की हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ होऊ शकतं. ती एकदम खरवडली तर जबडा मोडण्याची, खालचा ओठ बधिर होण्याची भीती. म्हणून आधी सिस्टला खिडकी, म्हणजे छोटं भोक, पाडून त्यात नळी बसवतात. आतला दाब उतरतो आणि कडेनं नवं हाड धरू लागतं. याला बहुधा ६ ते १२ महिने लागतात. तेवढे दिवस निम्मा उपचार घरीच होतो, आणि चुकाही तिथेच होतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते धुणं. नुसत्या चूळ भरण्यानं पाणी पोकळीत पोचत नाही. २० मिलीची सिरिंज आणि बोथट, वाकडं टोक घ्या. पाणी उकळून कोमट केलेलं, पेलाभर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ. बेसिनवर वाकून टोक नळीत घाला आणि दट्ट्या सावकाश दाबा. पाणी परत येत नसेल तर टोक भिंतीला टेकलंय. जरा मागे घ्या, जोर लावू नका. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, दिवसातून किमान दोनदा आणि प्रत्येक जेवणानंतर. मिसळीतली मटकी, पोह्यातले दाणे, तीळ हमखास आत अडकतात आणि कुजतात. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय महिनोन्‌महिने वापरू नका, दात काळपट होतात.

नळी निसटली तर स्वतः ढकलू नका आणि ‘पुढच्या तारखेला बघू’ही नको. हिरडी भराभर मिटते. त्याच दिवशी फोन करा, जाताना नळी सोबत न्या.

‘आत नुसतं पाणी होतं’ म्हणून बायॉप्सीचा (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट न आणणं ही घातक चूक आहे. सिस्टसारखीच दिसणारी गाठ अमेलोब्लास्टोमा (जबड्यातला ट्यूमर) निघू शकते, मग सगळा बेतच बदलतो.

ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, दर वेळी एकाच सेंटरवर काढा. पुण्यात सेंटर पावलोपावली आहेत, पण मशीन बदललं की चित्राचा आकार बदलतो आणि तुलना फसते. जुन्नर-भोरहून येणाऱ्यांनी जुन्या फिल्म पिशवीत ठेवाव्यात.

सूज गेली म्हणून उरलेली सिस्ट काढायचं दुसरं ऑपरेशन टाळू नका. केराटोसिस्ट या प्रकारच्या सिस्टचं अस्तर उरलं तर ती पुन्हा वाढते, बहुतेकदा पहिल्या ५ वर्षांत, कधी त्यानंतरही.

मुलांच्या बाबतीत मात्र सिस्टमध्ये अडकलेला दात काढायची घाई नको. दाब उतरल्यावर तो पुष्कळदा आपणहून वर येतो.