क्वेर्सेटिन खरंच दाह कमी करतं का? श्वासनलिकेच्या पेशींवर तपासण्याची रीत

श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशींना टीएनएफ-अल्फा (दाह पेटवणारं प्रथिन, पुढे नुसतं टीएनएफ) दिलं की त्या आयएल-८ हे संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि त्याच्या ओढीने न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिथे गोळा होतात. वनस्पतीतलं पॉलिफिनॉल घातल्यावर आयएल-८ कमी भरलं की लगेच ‘दाहशामक’ असा शिक्का मारला जातो. पण पेशी मेल्या तरी आयएल-८ कमीच भरतं. म्हणून प्रयोगाची मांडणीच अशी हवी की खोटं उत्तर जागच्या जागी पकडलं जाईल. इथे उदाहरणाला कांद्यातलं क्वेर्सेटिन हे पॉलिफिनॉल घेतलं आहे.

पेशी बीईएएस-२बी घ्या, म्हणजे माणसाच्या श्वासनलिकेच्या अस्तरापासून प्रयोगशाळेत वाढवलेला पेशींचा वाण. पेशी चिकटाव्यात म्हणून फ्लास्कला फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजेन या प्रथिनांचा लेप द्या, सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नसलेलं बीईजीएम मीडियम, म्हणजे अशा पेशींसाठीचं पोषक द्रावण, वापरा आणि तळ ८० टक्के भरायच्या आत पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये न्या. सीरम मिळालं तर त्या चपट्या होऊन स्वभाव बदलतात. मायकोप्लाझ्मा या पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूची चाचणी आधी उरका. तो असेल तर पुढचे सगळे आकडे वाया.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. बीईजीएममध्ये हायड्रोकॉर्टिसोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. ते स्वतःच आयएल-८ दाबून ठेवतं. टीएनएफ देऊनही पेशी ढिम्म राहिल्या तर दोष बहुधा टीएनएफचा नसतो, मीडियमचा असतो. प्रयोगाच्या आदल्या दिवशी, १६ ते २४ तास आधी, हायड्रोकॉर्टिसोन न घातलेलं मीडियम द्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

क्वेर्सेटिन तोलण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा. निर्जल पदार्थाचा रेणुभार ३०२.२४, डायहायड्रेटचा ३३८.२७. २० मिलिमोलर स्टॉकसाठी (पुढे पातळ करायचं दाट द्रावण) १ मिली डीएमएसओ या विद्रावकात निर्जल असेल तर ६.०४ मिग्रॅ, डायहायड्रेट असेल तर ६.७७ मिग्रॅ लागतं. ही गल्लत झाली तर मात्रा सुमारे ११ टक्क्यांनी चुकते. याच स्टॉकपासून १०, ५ आणि १ मिलिमोलरचे स्टॉक करा, पण पातळ करताना डीएमएसओच वापरा. मग प्रत्येकाचे २ मायक्रोलिटर २ मिली मीडियममध्ये घातले की २०, १०, ५ आणि १ मायक्रोमोलर मात्रा मिळतात आणि सगळीकडे डीएमएसओ ०.१ टक्काच राहतं. हे मिश्रण वापरायच्या वेळीच करा, साठवू नका.

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला १ लाख पेशी, ०.५ मिली मीडियम. आठ गट, प्रत्येकी तीन वेल: नुसतं डीएमएसओ, टीएनएफ आणि डीएमएसओ, टीएनएफसोबत क्वेर्सेटिनच्या चार मात्रा, टीएनएफशिवाय २० मायक्रोमोलर क्वेर्सेटिन, आणि टीएनएफसोबत १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, म्हणजे आयएल-८ दाबणारं स्टेरॉइड. शेवटच्या गटात आयएल-८ उतरलं नाही तर त्या दिवसाची प्लेट बाद समजा. क्वेर्सेटिन आणि डेक्सामेथासोन १ तास आधी द्या. मग टीएनएफच्या सहाही गटांत ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या द्रावणाचे १० मायक्रोलिटर घाला. वेलमध्ये सुमारे १० नॅनोग्रॅम प्रति मिली होतं. उरलेल्या दोन गटांत तितकाच बफर घाला. २४ तासांनी वरचं मीडियम काढून सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर (गुरुत्वाच्या ३०० पट जोराने) ५ मिनिटं फिरवा आणि लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

पेशी जिवंत आहेत का हे एमटीटीवर, म्हणजे जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या रंगद्रव्याच्या चाचणीवर, सोडून चालत नाही. क्वेर्सेटिन एमटीटीला पेशींशिवायही जांभळं करू शकतं, त्यामुळे मेलेल्या पेशीही ठणठणीत दिसतात. मीडियममधलं एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम) मोजा आणि तळाशी उरलेल्या पेशी क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने रंगवा.

दुसरी शंका हायड्रोजन पेरॉक्साइडची. कॅटेकोल गट (कड्यावर शेजारी-शेजारी ओएच) असलेली पॉलिफिनॉल मीडियममध्ये आपोआप ऑक्सिडाइझ होतात आणि पेरॉक्साइड तयार करतात. चहातलं ईजीसीजी हे पॉलिफिनॉल यात पुढे आहे. पेशी नसलेल्या मीडियममध्ये २० मायक्रोमोलर क्वेर्सेटिन घालून ३७ अंशांवर २ तासांनी पेरॉक्साइड मोजा. भरलं, तर कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून एक प्लेट पुन्हा लावा. कॅटालेजने परिणाम पुसला गेला तर तो क्वेर्सेटिनचा थेट परिणाम नव्हे.

एलायझा (अँटिबॉडीने आयएल-८ मोजण्याची चाचणी) करताना टीएनएफ दिलेले नमुने आधी १:१० आणि १:५० असे दोन्ही प्रकारे पातळ करून पाहा. प्रमाण रेषेच्या (माहीत असलेल्या मात्रांवरून काढलेल्या आलेखाच्या) वर गेलेले आकडे ओढूनताणून वापरू नका. शिवाय पेशी नसलेल्या मीडियममध्ये २० मायक्रोमोलर क्वेर्सेटिन आणि माहीत असलेलं आयएल-८ घालून ते पुरतं परत मोजलं जातं का ते बघा. तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने लावलेल्या पेशींवर किमान तीनदा करा आणि आलेख त्या तीन दिवसांच्या सरासरी आकड्यांचाच काढा.

हळदीतल्या कर्क्युमिनवर हीच रीत जशीच्या तशी चालवू नका. सीरम नसलेल्या, ७.२ पीएचच्या द्रावणात ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के मोडतं. म्हणजे १ तास आधी दिलेलं कर्क्युमिन टीएनएफ येईपर्यंत जवळपास संपलेलं असतं आणि मोजला जातो तो त्याच्या तुकड्यांचा परिणाम. जास्त मात्रेत ते तळाशी बसतं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पिवळे कण शोधा.

निकाल लिहिताना रक्तातली पातळीही ध्यानात असू द्या. जेवणानंतर क्वेर्सेटिन रक्तात बहुधा १ मायक्रोमोलरच्या खालीच असतं, तेही मुख्यतः ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट जोडलेल्या रूपात. परिणाम फक्त २० मायक्रोमोलरला दिसला तर निष्कर्ष प्लेटपुरताच लिहा.