कोरियन पीटीएसडी प्रश्नावलीची पडताळणी: या चुका टाळा

पाच प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. पीसी-पीटीएसडी-५ ही पीटीएसडीची (आघातानंतर होणाऱ्या मानसिक विकाराची) चाळणी प्रश्नावली इतकी सुटसुटीत आहे की कोरियन रूप तयार झालं, क्रोनबाख अल्फा चांगला आला, की काम संपलं असं वाटतं. पण अल्फावरून एवढंच कळतं की प्रश्न एकमेकांशी जुळतात. ते पीटीएसडी मोजतात की नैराश्य, हे कळायला कॅप्स-५ सारखी प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेली मुलाखत लागते. तिला पाऊण ते एक तास जातो, म्हणून अनेकजण त्याऐवजी पीसीएल-५ या दुसऱ्या प्रश्नावलीचे २० प्रश्न भरून घेतात. मग एक कागद दुसऱ्या कागदाची साक्ष देतो, इतकंच.

मुलाखत घेतली, तरी ती कुणाची घेतली हे पाहा. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. समजा ४०० जणांनी प्रश्नावली भरली. १०० जण चाळणीत अडकले. त्या सगळ्यांच्या मुलाखती झाल्या आणि ६० जणांना पीटीएसडी निघाला. उरलेल्या ३०० पैकी फक्त ३० जणांना चिठ्ठ्या टाकून निवडलं, त्यात २ रुग्ण सापडले. सरळ भागाकार केला तर संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी चाळणीने किती पकडले ते प्रमाण) ६२ पैकी ६०, म्हणजे ९७ टक्के. छापायला छान! पण ते २ जण ३०० मधल्या अंदाजे २० जणांच्या वतीने बोलत आहेत. तो भार दिला की आकडा ८० पैकी ६०, म्हणजे ७५ टक्क्यांवर येतो. चाळणीतून सुटलेल्यांच्या मुलाखती मुळीच घेतल्या नाहीत, तर संवेदनशीलता काढताच येत नाही. आणि मुलाखतकाराला प्रश्नावलीचे गुण आधी कळता कामा नयेत.

कट-ऑफ, म्हणजे किती ‘हो’ आले की माणूस चाळणीत अडकला असं धरायचं ती सीमा, उसना घेऊ नका. २०१६ सालचा मूळ अभ्यास अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर झाला होता. सोलच्या मनोविकार विभागात येणारे रुग्ण वेगळे, अग्निशमन दलाचे जवान वेगळे. जवानांच्या बाबतीत आणखी एक अडचण: कागद वरिष्ठांच्या हातात जाणार असेल तर ‘नाही’ची संख्या आपोआप वाढते. तो गोळा करणारा माणूस दलाबाहेरचा असावा.

पाच प्रश्नांच्या आधी आघाताचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचे प्रश्न विचारायचेच नाहीत, गुण शून्य. हा प्रश्न गाळला की गोंधळ होतो. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल बोट बुडाली, ३०४ जण गेले, आणि देशाने ते टीव्हीवर पाहिलं. अनेकांच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला असेल; पण डीएसएम-५ (मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) नुसार केवळ पडद्यावर पाहिलेली घटना, ती नोकरीचा भाग नसेल तर, आघाताच्या निकषात बसत नाही. बचावलेले विद्यार्थी, मृतांचे आईवडील, पाणबुडे आणि दूरचे प्रेक्षक एकाच तक्त्यात घालू नका.

फेरचाचणीसाठी, म्हणजे त्याच लोकांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घेण्यासाठी, साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात. त्या काळात ज्यांचे उपचार सुरू झाले त्यांना या हिशेबातून वगळा. नमुन्यात सेवोलशी संबंधित लोक असतील, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये १६ एप्रिल येणार नाही असं वेळापत्रक आखा. स्मृतिदिनाच्या आसपास लक्षणं वाढू शकतात, आणि तो फरक प्रश्नावलीच्या माथी बसतो.