हाँगकाँगच्या तापमानावर सौदे करण्यापूर्वी तिथले ऋतू कसे समजून घ्यावेत

अशा सौद्यात एखाद्या दिवसाचे कमाल किंवा किमान तापमान कोणत्या पट्ट्यात, म्हणजे ठरवून दिलेल्या अंशांच्या टप्प्यात येईल, यावर पैसे लावले जातात. म्हणून कराराच्या अटींमध्ये सेटलमेंटसाठी, म्हणजे सौद्याचा निकाल लावण्यासाठी, कोणत्या केंद्राची नोंद धरली जाणार आहे, हे सर्वांत आधी वाचावे. हाँगकाँग वेधशाळेचे मुख्यालय त्सिम शा त्सुई या उंच इमारतींनी वेढलेल्या भागात आहे, तर विमानतळ चेक लाप कोक येथे समुद्राला लागून आहे. दोन्हींकडचे एकाच दिवसाचे कमाल तापमान सारखे निघेलच असे नाही. शिवाय वेधशाळा अंशाच्या दहाव्या भागापर्यंत आकडा देते आणि विमानतळाच्या नेहमीच्या हवामान संदेशात पूर्ण अंशच असतो. तापमान पट्ट्याच्या सीमेवर घुटमळत असेल, तेव्हा सौद्याचा निकाल एवढ्या फरकावरही फिरतो.

वेधशाळेच्या नोंदी १८८४ पासूनच्या असल्या, तरी सौद्यासाठी अलीकडच्या तीसेक वर्षांच्या दैनिक नोंदी घ्याव्यात, कारण शहर आणि हवामान दोन्ही तेव्हापासून तापलेले आहेत.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी व स्थिर असते आणि सरासरीवर विसंबून चालते. उन्हाळ्यात तापमानाचा पल्ला अरुंद असतो, दुपारच्या सरी कमाल तापमान खाली ओढतात, आणि एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते : दूर असलेले वादळ. चक्रीवादळ जवळ येत असताना त्याच्या बाहेरच्या कडेला हवा खाली दबते, आकाश निरभ्र होते आणि वारा जमिनीवरून वाहू लागल्याने समुद्राचा गारवा पोहोचत नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी मुख्यालयात ३६.६ अंशांचा उच्चांक नोंदला गेला आणि दुसऱ्याच दिवशी हातो वादळ येऊन धडकले. वादळ येणार म्हणजे पाऊस आणि गारवा, असे गृहीत धरून आदल्या दिवशीचे कमी तापमान विकत घेणे हा शुद्ध अविचार आहे.

खरी कसोटी जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतच्या काळात लागते. हा टप्पा मला सर्वांत उशिरा उमगला, आणि याच टप्प्याबद्दल सर्वांत वाईट सल्ले दिले जातात. ‘मासिक सरासरी काढा आणि तिच्या आसपासचा पट्टा घ्या’ असे सांगणाऱ्याने मार्चच्या दैनिक नोंदी कधी उलगडून पाहिलेल्या नसतात. या दिवसांत शहरावर दोन हवा आलटून पालटून ताबा मिळवतात. एक दक्षिण चीन समुद्रावरून येणारी उबदार, दमट हवा, जिच्यामुळे किनाऱ्याच्या थंड पाण्यावर धुके साचते आणि घरांच्या भिंतींना पाणी सुटते; दुसरी चीनच्या अंतर्भागातून उतरणारी थंड हवा. त्यामुळे कमाल तापमानाच्या आलेखाला एकाऐवजी दोन उंचवटे येतात, आणि सरासरी नेमकी त्यांच्या मधल्या खळग्यात पडते. त्या खळग्यातला पट्टा बाजारात महाग असेल, तर तो विकत घेऊ नये.

म्हणून नोंदी महिन्यानुसार न लावता हवेनुसार लावाव्यात. प्रत्येक दिवसापुढे सकाळची वाऱ्याची दिशा, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा; हवा जितकी दमट तितका तो जास्त) आणि ढगांचे प्रमाण लिहावे आणि तीन गट करावेत : दमट दक्षिणेकडचा वारा, कोरडा उत्तरेकडचा वारा आणि ढगाळ पूर्वेकडचा वारा. उत्तरेकडच्या कोरड्या हवेत पहाट गारठते, पण ऊन पडून दुपार बऱ्यापैकी चढते. पूर्वेकडच्या ढगाळ हवेत रिमझिम चालू राहते आणि कमाल व किमान यांच्यात दोनतीन अंशांचेच अंतर उरते. दोन्हींना नुसते ‘थंड दिवस’ म्हणून एकत्र केले, की अंदाज बिघडलाच म्हणून समजावे.

पूर्वेकडची थंड हवा जमिनीलगत उथळ थरात पसरलेली असते, आणि हवामानाचा अंदाज बांधणारी संगणकी प्रारूपे असा उथळ थर पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा लवकर पुसून टाकतात. ‘उद्या दुपारी ऊब परतेल’ असा अंदाज दिसला, तरी दवबिंदू चढू लागेपर्यंत आणि वारा दक्षिणेकडून वाहू लागेपर्यंत मी त्यावर पैसे लावत नाही. हा नियम कंटाळवाणा आहे आणि त्यापायी काही चांगले भाव हातचे जातात. तरीही तो सोडू नये.

थंड आघाडी, म्हणजे उतरणाऱ्या थंड हवेची पुढची कड, येण्याच्या दिवशी घड्याळही पाहावे लागते. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजला जातो. समजा, रात्री बारा वाजता २१ अंश आहेत, पहाटे थंड आघाडी पोहोचली आणि दुपारी पारा १४ वर आला, तरी त्या दिवसाचे कमाल तापमान २१ च धरले जाते. दुपारच्या अंदाजाकडे बघून सौदा करणारे इथे हमखास फसतात. किमान तापमानाचे उलट असते : पहाटेचा आकडा पाहून निकाल लागला असे वाटते, आणि संध्याकाळी आलेली आघाडी रात्री बाराच्या आत त्याहून खाली नेते.

जानेवारीचे सरासरी तापमान १६.५ अंश असले, तरी २४ जानेवारी २०१६ रोजी पारा ३.१ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणून थंडीच्या लाटेचा इशारा लागू असताना खालचे पट्टे ‘अशक्य’ समजून स्वस्तात विकू नयेत, आणि आघाडीच्या दिवशी कमी तापमानावरचा सौदा करण्याआधी मध्यरात्रीनंतरची पहिली नोंद पाहून घ्यावी.