‘लॅश’ दिसला की चाबूक काढू नका : भाषांतरातल्या या चुका टाळा

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याने मागच्या उन्हाळ्यात इंग्रजी सूचनांचा कागद मोबाईलवर मराठी करून आणला. परदेशी जाणाऱ्या कंटेनरमध्ये खोके कसे रचायचे, ते त्यात होतं. तिसरी ओळ : ‘पॅलेटला चाबकाने फटके मारा.’ पॅलेट म्हणजे खोके ज्यावर रचतात ती फळी, आणि मूळ शब्द ‘लॅश’. सांगायचं एवढंच होतं की पट्टा टाकून माल आवळून बांधा. गाडी भरणारी पोरं रोज ओरडतात ना, ‘दोर आवळ रे भो!’ तेच.

दोष एकट्या मोबाईलचा नाही. शब्दकोशात ‘चाबूक मारणे’ वर असतं आणि विद्यार्थी तिथेच थांबतात. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक. बांधण्याचा ‘लॅश’ जुन्या फ्रेंचमधून आलाय, बुटाच्या ‘लेस’चा तो भाऊबंद. म्हणून आधी शेजारचा शब्द बघा. दोर, पट्टा, जहाज, ओझं असेल तर बांधणं. पाठ, शिक्षा, कैदी असेल तर फटके.

पावसाच्या बातमीत सर्वात जास्त घसरण होते. ‘पावसाने किनाऱ्याला फटके मारले’ असं लिहिलेलं मी वाचलंय. अहो, मे-जूनच्या वादळात यावल-रावेरच्या केळीबागा आडव्या होतात तेव्हा आपण काय म्हणतो? पावसाने झोडपलं! इतका नेमका शब्द घरात असताना फटके कशाला?

डोळ्यांच्या बाबतीत मात्र मराठीच अडवते. ‘आयलिड’ही पापणी आणि ‘आयलॅश’ही पापणी. गोष्टीत चालून जातं, औषधाच्या कागदावर नाही. थेंबांच्या बाटलीचं टोक कशाला लागू द्यायचं नाही? तिथे ‘पापणीचे केस’ असं स्पष्ट लिहा. वाचणारी एखादी आजी असते, तिला अंदाज करायला लावू नका.

मांजर शेपूट ‘लॅश’ करतं म्हणजे आपटतं. घोडा ‘लॅश आउट’ करतो तेव्हा लाथा झाडतो, माणूस करतो तेव्हा अंगावर धावून येतो किंवा वाट्टेल तसं बोलतो. ‘टंग-लॅशिंग’ म्हणजे खरडपट्टी.

ब्रिटिश इंग्रजीतलं ‘लॅशिंग्ज ऑफ’ तर चाबूक आणि दोर दोन्ही सोडून देतं. अर्थ : भरपूर, सढळ हाताने. वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी चुरून तिच्यावर तुपाची धार धरतात आणि ‘बस बस’ म्हटलं तरी थांबत नाहीत, तेवढं तूप.

‘व्हिपलॅश’ अपघाताच्या कागदपत्रांत येतो. मागून गाडी धडकली की मानेला जो जोराचा हिसका बसतो, त्याची ती इजा, चाबकाची जखम नव्हे. आणि ‘बॅकलॅश’ राजकारणाच्या बातमीत असेल तर उलटलेला रोष. पण जळगावच्या एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्यासाठी लिहीत असाल, तर तो गिअरच्या दातांमधला ढिलेपणा. तिथे ‘रोष’ लिहिलात तर कारागीर कागद बाजूला ठेवेल.