हील-टो पद्धतीने गिअर कसा उतरवावा : पेडलची जुळणी आणि पायाचा सराव

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. तुळजापूर जवळ आल्यावर मात्र बालाघाटच्या डोंगररांगेतील घाट लागतो. परतीच्या प्रवासात हाच घाट उतरताना वळणाआधी वेग कमी करावा लागतो आणि त्याच वेळी गिअरही खाली आणावा लागतो. बहुतेक चालक आधी ब्रेक लावतात, मग ब्रेकवरून पाय काढून गिअर टाकतात किंवा ब्रेक दाबलेला ठेवून क्लच सरळ सोडून देतात. पहिल्या प्रकारात ऐन उतारावर क्षणभर ब्रेक सुटतो आणि दुसऱ्या प्रकारात गाडीला झटका बसतो. ब्रेकवरचा दाब जराही न बदलता, त्याच उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटरला एक हलका टोला देऊन इंजिनाचा वेग वाढवणे आणि मग खालच्या गिअरमध्ये क्लच सोडणे, या कृतीला हील-टो म्हणतात. शर्यतीच्या मैदानातून ही पद्धत परिचित झाली असली, तरी माझ्या मते सामान्य चालकासाठी तिचे मोल वेगात नसून गाडीच्या स्थिर चालीत आहे.

टोला का द्यावा लागतो, हे आधी समजून घ्यावे. समजा, एखाद्या गाडीत तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.३० आणि दुसऱ्याचे १.९५ आहे. म्हणजे त्याच वेगाने जात असताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला दीडपट फिरावे लागते. तिसऱ्यात मिनिटाला २००० फेरे असतील, तर दुसऱ्यात ३००० हवेत. क्लच दाबल्यावर इंजिन उलट मंदावू लागते. गिअरबॉक्समधील सिंक्रोमेश गिअर आणि शाफ्ट यांचे वेग जुळवून देतो, म्हणून दात न घासता गिअर पडतो. परंतु इंजिनाचा वेग जुळवणे हे सिंक्रोमेशचे काम नव्हे. तो फरक शेवटी क्लचप्लेट घासून किंवा चाकांना हिसका देऊन भरून निघतो. निसरड्या रस्त्यावर हा हिसका चाकांची पकड सोडवण्यास पुरेसा ठरतो, आणि मागील चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीत तर त्यामुळे गाडीचा मागचा भाग घसरण्याचा धोका असतो.

पहिली पायरी : ब्रेक भरवशाचा आहे का, ते पाहा

पायाच्या सरावाकडे वळण्याआधी ब्रेकच्या पेडलची तपासणी करावी, कारण दर वेळी वेगळ्या खोलीपर्यंत जाणाऱ्या पेडलवर हा सराव होऊच शकत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवावे आणि पेडल कडक होईपर्यंत ते चार-पाच वेळा दाबावे. मग पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा भाग, काम करीत आहे असे समजावे. त्यानंतर तोच दाब अर्धा मिनिट कायम ठेवावा. पेडल हळूहळू खाली सरकू लागले, तर पेडलच्या दाबाने ब्रेकचे तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये किंवा नळ्यांमध्ये कोठेतरी गळती आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर ब्रेकच्या तेलात हवा शिरलेली असते आणि ती काढून घ्यावी लागते. एकदा दाबल्यावर खोल जाणारे पेडल लागोपाठ दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल, तर मागील ड्रममधील ब्रेक शू झिजले असावेत किंवा ते आपोआप पुढे सरकवणारा अ‍ॅडजस्टर अडकला असावा; आपल्याकडील धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत मेकॅनिककडून ड्रम उघडून साफ करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि तसा त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. घाटात वारंवार ब्रेक लावल्यावर जुने तेल उकळले, तर पेडल अचानक खोल जाते. म्हणून मालकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत आणि त्याच पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचे तेल भरून घ्यावे.

दुसरी पायरी : आसन, पादत्राणे आणि पायाखालची चटई

क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहील, इतके आसन पुढे घ्यावे. उन्हाळ्यात सीट तापते म्हणून सोलापुरात अनेक गाड्यांच्या सीटवर चादर घडी करून टाकलेली दिसते. एरवी तिचा त्रास नसतो, परंतु जोरात ब्रेक लावताना शरीर तिच्यावरून पुढे सरकते आणि त्याबरोबर टाचेची जागाही बदलते. या सरावाच्या वेळी ती काढून ठेवावी. कमरेचा आणि पाठीचा आधार पक्का असेल, तरच उजवा पाय मोकळेपणाने फिरू शकतो.

चप्पल घालून हा प्रयत्न मुळीच करू नये. पातळ, सपाट तळाचा आणि पायाला घट्ट बसणारा बूट घ्यावा. जाड रबरी तळामुळे पेडलची जाणीव पायापर्यंत पोचत नाही, आणि बाहेर आलेल्या रुंद तळाची कड दोन पेडलच्या मधोमध अडकू शकते. पायाखालची चटई मूळ खुंटीला अडकवलेली असावी. एका चटईवर दुसरी टाकली असेल, तर वरची काढावी.

तिसरी पायरी : पेडलचे माप घ्या

ही संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण चुकीच्या पद्धतीने करतात. गाडी उभी असताना वरून पाहिले, तर ब्रेकचे पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा बरेच उंच दिसते आणि पाय पोचणार नाही असे वाटते. परंतु स्थिर अवस्थेतील उंचीला येथे फारसा अर्थ नाही. वळणाआधी जितक्या जोराने ब्रेक दाबला जातो, तितक्या जोराने दाबलेल्या ब्रेकची पातळी आणि न दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरची पातळी यांतील फरक मोजायचा असतो.

त्यासाठी गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये उभी करून, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि इंजिन सुरू ठेवावे. इंजिन बंद असेल, तर बूस्टरचे साहाय्य संपल्यावर पेडल कडक होऊन वरच राहते आणि माप फसवे येते. चालकाने नेहमीच्या जोराने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्या व्यक्तीने दाराशी बसून, दाबलेल्या ब्रेकच्या पृष्ठभागावर लाकडी पट्टी आडवी धरून, पट्टी आणि अ‍ॅक्सिलरेटर यांतील अंतर मोजावे. दाबलेला ब्रेक अ‍ॅक्सिलरेटरच्या बरोबरीने किंवा त्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर राहत असेल, तर जुळणी चांगली आहे. अंतर याहून बरेच जास्त असेल, तर अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पोचण्यासाठी घोटा अवघडतो आणि ब्रेकवरील दाब डळमळतो. दाबलेला ब्रेक अ‍ॅक्सिलरेटरच्याही खाली जात असेल, तर मात्र ही सोयीची नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे. ब्रेक लावतानाच बुटाची कड अ‍ॅक्सिलरेटर दाबू लागेल. अशा गाडीत पहिल्या पायरीकडे परत जाऊन ब्रेक खोल का जातो, याचे कारण शोधावे.

दोन पेडलमधील आडवे अंतरही पाहावे. ब्रेकच्या उजव्या भागावर चवडा ठेवल्यावर पायाची करंगळीकडची बाजू अ‍ॅक्सिलरेटरवर सहज टेकली, तर अंतर योग्य आहे.

चौथी पायरी : काय हलवावे आणि कशाला हात लावू नये

जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर केबलने थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेला, जोडलेला असतो. केबल सैल असेल, तर पेडलचा सुरुवातीचा प्रवास वाया जातो आणि टोला उशिरा पोचतो. थ्रॉटलजवळील दोन नटांनी केबलचा ताण कमी-जास्त करता येतो. पुस्तिकेत दिलेला अल्प ढिलेपणा ठेवून नट पुन्हा कसावेत. केबल जास्त ताणली गेली, तर पाय उचलल्यावरही इंजिन चढे राहते. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो का आणि सोडल्यावर आपोआप मिटतो का, हे दोन्ही डोळ्यांनी पाहून घ्यावे. क्लच केबलचा असेल, तर त्याचाही ढिलेपणा तपासावा. क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना गिअर करकरत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे, आणि अशा क्लचवर कोणतीही पद्धत नीट साधणार नाही.

ब्रेकची उंची बदलण्यासाठी पेडलला बूस्टरशी जोडणाऱ्या दांड्याची, म्हणजे पुशरॉडची, लांबी बदलता येते, आणि काही गॅरेजांत ते हौसेने करूनही देतात. या कामाविषयी मी आग्रहाने सावध करू इच्छितो. पेडलला सुरुवातीला जो किंचित मोकळा प्रवास असतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो. पुशरॉड लांब करून तो संपवला, तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत जाण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि तापून फुगलेल्या तेलाला वाट मिळत नाही. परिणामी चालकाने पाय काढल्यावरही ब्रेक घासत राहतात, आणखी तापतात आणि शेवटी चाके धरतात. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना महामार्गावर हे घडणे किती धोक्याचे आहे, ते वेगळे सांगायला नको. उंची बदलणे खरोखर आवश्यक असेल, तर ते निर्मात्याच्या मापानुसार जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे आणि त्याच वेळी ब्रेक लाइटचा स्विचही पुन्हा जुळवून घ्यावा.

नव्या गाड्यांत केबलच्या जागी सेन्सर असतो आणि तेथे हलवण्याजोगे काही नसते. त्यातही ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबल्यास इंजिनाची शक्ती कापणारी सुरक्षा-व्यवस्था अनेक गाड्यांत असते. ही व्यवस्था टोला दाबून टाकत असेल, तर त्या गाडीत हील-टोचा हट्ट सोडावा. ती निकामी करण्याचा विचारही करू नये. अ‍ॅक्सिलरेटरवर चिकटवण्याच्या किंवा स्क्रूने बसवण्याच्या रुंद पट्ट्याही मला पसंत नाहीत, कारण निसटलेली पट्टी ब्रेकखाली जाऊन अडकू शकते.

पाचवी पायरी : पाय कसा ठेवावा

नाव हील-टो असले, तरी टाचेनेच अ‍ॅक्सिलरेटर दाबला पाहिजे असे नाही. टांगती पेडल असलेल्या लहान गाड्यांत चवड्याचा डावा अर्धा भाग ब्रेकवर ठेवून, घोटा उजवीकडे कलवून करंगळीकडच्या कडेने टोला देणे सोपे जाते. पेडलमधील अंतर जास्त असेल किंवा पाय लहान असेल, तर चवडा ब्रेकवर तसाच ठेवून गुडघा किंचित आत घ्यावा आणि टाच उजवीकडे फिरवून अ‍ॅक्सिलरेटरवर आणावी. दोन्ही पद्धतींत चवडा हा ब्रेकचा आणि उरलेला पाय अ‍ॅक्सिलरेटरचा, ही विभागणी पक्की असावी.

सहावी पायरी : सरावाचा क्रम

आरंभी इंजिन बंद ठेवून, उभ्या गाडीत केवळ पायाची हालचाल बसवावी. नंतर इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर असताना, ब्रेक दाबून धरून टोले द्यावेत. टोला दिल्यावर ब्रेकचे पेडल खाली-वर होते का, याकडे सर्व लक्ष असावे. सुरुवातीला ते होतेच; हळूहळू घोट्याची हालचाल मांडीपासून सुटी होते.

चालत्या गाडीतील सरावासाठी वर्दळ नसलेले खासगी आवार परवानगी घेऊन निवडावे. अक्कलकोट रस्ता किंवा चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींमध्ये कोणाच्या ओळखीने कारखान्याचे मोठे आवार सुट्टीच्या दिवशी मिळू शकले, तर उत्तम. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, आणि या सरावाला तसा वेग लागतही नाही. प्रथम ब्रेकशिवाय, ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास, तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याचा सराव करावा : क्लच दाबावा, गिअर हलवता हलवता अ‍ॅक्सिलरेटरला टोला द्यावा, क्लच सोडावा. झटका न बसता क्लच सुटू लागला, की कानाला योग्य आवाजाची ओळख झाली असे समजावे.

त्यानंतरच ब्रेक जोडावा. आधी ब्रेक लावून वेग उतरू द्यावा, ब्रेक तसाच ठेवून क्लच दाबावा, गिअर दुसऱ्याकडे नेताना घोटा कलवून टोला द्यावा, इंजिनाचे फेरे वर असतानाच क्लच एका सलग हालचालीत सोडावा, आणि या सर्व काळात चवडा ब्रेकवर तितक्याच दाबाने राहावा. टोला देऊन थांबल्यास फेरे पुन्हा उतरतात, म्हणून टोला आणि क्लच यांच्यात वेळ जाऊ देऊ नये. डिझेल इंजिनाचे फेरे सावकाश चढतात; तेथे टोला किंचित लांब लागतो.

टोला देताना गाडी एकदम जास्त थांबू लागली, तर घोट्याऐवजी पूर्ण पाय खाली जात आहे. क्लच सोडताना गाडी पुढे उसळली, तर टोला मोठा झाला. मागे ओढली गेली, तर तो लहान पडला किंवा उशिरा आला. वेग पुरेसा उतरण्याआधी खालचा गिअर टाकणे ही मात्र सर्वांत महागडी चूक आहे, कारण चाकेच इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवतात आणि इंधन कापणारी मर्यादक व्यवस्था तेथे काहीच करू शकत नाही. चौथ्यातून दुसऱ्यात उडी घेण्याचा मोह म्हणूनच टाळावा, आणि चालत्या गाडीत पहिल्या गिअरसाठी ही पद्धत वापरू नये.

सात रस्ता किंवा नवी पेठेच्या गर्दीत या कौशल्याचे काही काम नाही. तेथे पाय केवळ ब्रेकसाठी मोकळा असावा. अचानक कोणी आडवे आले, तर गिअर आणि टोला विसरून ब्रेक पूर्ण दाबावा. उसाच्या हंगामात रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हाही हाच नियम लागू आहे. तुळजापूरच्या घाटात उतरताना मात्र लांब उतार सुरू होण्यापूर्वीच योग्य गिअर घेऊन इंजिनाच्या रोधाने वेग धरावा, आणि हील-टोचा उपयोग पुढील एखाद्या घट्ट वळणाआधी आणखी एक गिअर खाली येण्यापुरताच करावा. घाट उतरून आल्यावर जळका वास येत असेल, तर सावलीत गाडी उभी करून ब्रेक निवू द्यावेत, तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये, आणि पेडल पूर्वीइतकेच कडक आहे याची खात्री करून मगच पुढे निघावे.