शॉकअपची स्प्रिंग दोरीनं बांधून काढणाऱ्यांनो, या चुका टाळा

पावसाळा सरत आला की कासची फुलं बघायला गाड्यांची रांग यवतेश्वरचा घाट चढते. त्यातल्या काही उतरताना "पुढून कटकट आवाज येतोय" म्हणत माझ्याकडे वळतात. बहुतेक वेळा लिंक रॉड नाहीतर माउंटिंग गेलेलं असतं, कधी स्प्रिंगचा खालचा वेढा गंजून तुटलेला असतो. ही रोजचीच कामं. पण हल्ली आणखी एक गिऱ्हाईक यायला लागलंय. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट अख्खा शॉकअप, डिकीत, स्प्रिंग कशानं तरी आवळलेली, आणि वर "एवढा मधला नट खोलून द्या, बाकी मी घरी बसवतो." एकानं तर चक्क बैलाचा कासरा गुंडाळून आणला होता. मी आधी आजूबाजूच्या पोरांना लांब पिटाळलं, मग डिकीत वाकलो.

यांच्यापैकी कुणालाच जोर कुठं अडकलाय ते माहीत नसतं. मारुती 800 पासून आजच्या बहुतेक लहान गाड्यांपर्यंत पुढच्या चाकाला मॅकफर्सन स्ट्रट असतो. शॉकअपवर स्प्रिंग, तिच्याखाली वाटी, वर माउंटिंग, आणि दांड्याच्या टोकाला एक मधला नट. गाडी जॅकवर घेतली, चाक हवेत लोंबलं, म्हणजे स्प्रिंग सैल झाली असं लोक धरून चालतात. पण स्प्रिंग वाटी आणि माउंटिंगच्या मध्ये दबलेलीच असते आणि तिला त्या एका नटानं अडवलेलं असतं. हिशेब करा. समजा स्प्रिंग 1 मिलिमीटर दाबायला 2 किलो जोर लागतो. ती 150 मिलिमीटर दाबून बांधली की 300 किलो झाले. ते एकदम सुटले तर 22 किलोची गोणी एक मीटरवरून पडावी तेवढा दणका बसतो. गोणी निदान खाली पडते. स्प्रिंग कुठं जाईल ते तिचं तिलाच ठाऊक.

बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या डोक्यावर हाच मधला नट डोळ्यात भरतो आणि नवशिका पहिला त्यालाच पाना लावतो. स्ट्रट गाडीतून उतरवायला बाजूचे दोन-तीन नट आणि खालचे बोल्ट सोडायचे असतात. मधल्याला हात लावायचा नाही.

आता दोरी, तार, साखळी, सीट बेल्ट, जे काय घरात सापडेल ते. यावर मला जरा सविस्तर बोलू द्या.

मी शिकाऊ होतो तेव्हा ज्या गॅरेजात होतो तिथल्या मेस्त्रीची पद्धत ठरलेली. गाडी जमिनीवर, वजनानं स्प्रिंग दबलेली असतानाच वेढ्यांना तीन ठिकाणी बांधणीची तार आवळायची. मग जॅक लावायचा. स्प्रिंग आखूडच राहते, स्ट्रट उतरवायचा आणि नट खोलायचा. "शंभर काढलेत असे, काय होतंय लगा?" हे त्याचं वाक्य. आणि खरंच काही होत नव्हतं, तीच तर अडचण होती.

त्या दिवशी स्ट्रट शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवा धरलेला. नटाचे दोन-तीन आटे राहिले असतील तेवढ्यात 'टिक्' असा बारीक आवाज आला. मेस्त्री थांबला आणि काय झालं ते बघायला मान खाली घातली. एक तार तुटली होती. तिचा भार उरलेल्या दोघींवर गेला, त्या लगोलग तुटल्या, आणि राहिलेले आटे घासत नट निघून गेला. माउंटिंग त्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यातून आरपार गेलं. हातातला पाना उलटा फिरून दोन बोटांची हाडं मोडली. स्प्रिंग जमिनीवर आपटून माझ्या नडगीला लागली, तो वण अजून आहे. प्लास्टर निघाल्यावर आठवड्याभरात त्यानं तारेचं नवं बंडल मागवलं. मी तिथलं काम सोडलं.

तारेला, दोरीला ताण किती आलाय ते बाहेरून दिसत नाही. गाठ सरकते, वेढ्याच्या गंजलेल्या कडेवर तार घासते, आणि एक बाजू आधी ढिली झाली की स्प्रिंग कमानीसारखी वाकून आडवी पळते. स्ट्रटचं तोंड भिंतीकडे करून इम्पॅक्ट गननं, म्हणजे नट झटक्यानं फिरवणाऱ्या मशीननं, नट उडवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. भिंतीवरून वस्तू परत येते.

स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं आट्यांचं हत्यार, आणला म्हणजे सुटलो, असंही नाही. दोन आकड्यांचा (हुकांचा) साधा कॉम्प्रेसर असेल तर आकडे बरोबर समोरासमोर आले पाहिजेत, आणि मध्ये जास्तीत जास्त वेढे सापडले पाहिजेत. वेढ्यांवरचं तेल, चिखल पुसा, नाहीतर आकडा वेढ्यावरून घसरत जाऊन दोन्ही एकाच बाजूला जमतात. एकीकडे दोन फेरे, मग दुसरीकडे दोन, हातानं. इथंच पोरांचा धीर सुटतो आणि गन लावली जाते. गननं आटे तापतात, खरवडतात, आणि पुढच्या वेळी भाराखाली दगा देतात. मी आट्यांना ग्रीस लावतो, आणि झिजलेला कॉम्प्रेसर भंगारात टाकतो, कुणाला उसना देत नाही. आकडे आवळताना एक साखळी वेढ्यांतून सैल ओवून ठेवतो. हो, साखळी मीही वापरतो, पण कॉम्प्रेसरच्या जोडीला.

कधी थांबायचं? स्प्रिंग हातानं वाटीत फिरली की भार उतरला. वेढे एकमेकांना टेकेपर्यंत आवळायचं काही कारण नाही. मग मधला नट, आणि तोही स्ट्रटच्या दोन्ही टोकांसमोरून बाजूला उभं राहून.

नट सोडताना दांडा फिरतो म्हणून पकडीनं धरू नका. दांड्यावर चरा पडला की सील तेल सोडणार. टोकाला ॲलन की किंवा छोटा पाना बसायची जागा दिलेली असते. गाडी खाली बसवायची म्हणून गॅस कटरनं वेढे कापणाऱ्या हौशी पोरांनो, तापलेल्या पोलादाचं पाणी उतरतं, ती स्प्रिंग संपली. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढू नका, खाली घोडा (जॅक स्टँड) लावा. आवळलेली स्प्रिंग रात्रभर तशीच ठेवून घरी जाऊ नका. बसवताना वेढ्याचं टोक वाटीतल्या खाचेत आलंय का बघा, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीनं बदला, शेवटी अलाइनमेंट करा.

मागच्या स्प्रिंगला तर बऱ्याच लहान गाड्यांत एवढा खटाटोप लागतच नाही. स्विफ्टसारख्या गाडीत शॉकअप वेगळा असतो. ॲक्सलखाली जॅक द्यायचा, शॉकअपचा खालचा बोल्ट काढायचा आणि ॲक्सल हळूहळू उतरवायचा, की स्प्रिंग हातात येते. फक्त ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, तेवढं बघायचं. तिथंही दोरी बांधणारे भेटतात, ते सोडा.

तो कासरा? बांधलेली स्प्रिंग हाती आली तर बांधलेलं आधी कापायचं नाही. मी त्यावरूनच कॉम्प्रेसर चढवला, आवळत गेलो, कासरा आपोआप ढिला पडला, मग गाठ सोडली. नट काढून माउंटिंग बदललं, पुन्हा बसवून दिलं. पैसे देताना त्यानं कासरा परत मागितला. मी विचारलं कशाला. म्हणाला, दुसरी बाजू राहिलीय अजून.